राष्ट्राध्यक्षांची रजा

कागद सहीसाठी पुढे सरकवला, की माणसाच्या मनगटाचे काय होते, हे न्याहाळण्याची मला जुनी खोड आहे. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत, बँकेच्या खिडकीशी, लग्ननोंदणीच्या वहीवर ओणवलेल्या नवरदेवाच्या बाबतीतसुद्धा माझी दृष्टी चेहरा सोडून हाताकडे जाते. काही माणसे लेखणी टेकवण्यापूर्वी हवेत एक वेलांटी गिरवून घेतात. काही कागदाचा कोपरा डाव्या तळव्याखाली असा दाबून धरतात, की वारा आताच तो पळवून नेणार आहे. आणि काहींची सही वर्षानुवर्षांच्या सरावाने इतकी गुळगुळीत झालेली असते, की तिच्यात नावाचे एकही अक्षर शिल्लक उरलेले नसते. या निरुपद्रवी व्यसनापायीच एका अमेरिकन दूरदर्शनमालिकेतील एक प्रसंग मी पुनःपुन्हा पाहत आलो आहे. त्या प्रसंगात एक प्रौढ, थकलेला मनुष्य एका लहानशा पत्रावर स्वाक्षरी करतो, आणि त्या स्वाक्षरीसरशी जगातील सर्वांत बलाढ्य समजले जाणारे पद त्याच्या हातून निघून जाते.

मालिकेचे नाव ‘द वेस्ट विंग’. ॲरन सॉर्किनच्या कल्पनेतून उतरलेली ही मालिका एनबीसी वाहिनीवर १९९९ च्या सप्टेंबरात सुरू झाली आणि सात पर्वे चालून २००६ च्या मे महिन्यात संपली. व्हाइट हाउसच्या पश्चिम अंगाच्या कचेऱ्यांतून अहोरात्र लगबग करणारे सल्लागार, भाषणलेखक, चिटणीस, आणि त्या सर्वांच्या मध्यभागी जोसाया बार्टलेट हा काल्पनिक राष्ट्राध्यक्ष: अर्थशास्त्राचा नोबेल मानकरी, श्रद्धाळू कॅथलिक, पांडित्य मिरवण्याचा किंचित शौकीन, आणि तीन मुलींचा बाप. मार्टिन शीन या नटाने हा माणूस असा उभा केला, की अमेरिकेच्या खऱ्या अध्यक्षांची नावे विसरणाऱ्या प्रेक्षकालाही बार्टलेटच्या मुलींची नावे पाठ असावीत. चौथ्या पर्वाचा अखेरचा भाग १४ मे २००३ रोजी प्रक्षेपित झाला. त्याचे शीर्षक ‘ट्वेंटी फाइव्ह’, म्हणजे नुसता एक आकडा. आणि तो आकडा अमेरिकेच्या राज्यघटनेतील पंचविसाव्या दुरुस्तीचा आहे.

कथानक सांगायला थोडेच शब्द लागतात. धाकटी मुलगी झोई जॉर्जटाउन विद्यापीठाची पदवी घेते, त्याच रात्री मित्रमंडळींसह एका नृत्यगृहात जाते, तिच्या पेल्यात गुंगीचे औषध मिसळले जाते, आणि तिथून तिचे अपहरण होते. तिच्या रक्षणासाठी तैनात असलेली तरुण अंगरक्षक मॉली त्यात प्राणांस मुकते. मग सुरू होते ती भूमिगत मसलतखान्यातील रात्र. मेजाभोवती सेनाधिकारी बसलेले, भिंतीवर नकाशे उजळलेले, कोणत्या समुद्रात कोणते जहाज आहे याची खडान्‌खडा माहिती हजर. आणि ज्याच्या एका शब्दावर हे सारे हलायचे तो मनुष्य मात्र ऐकत असूनही ऐकत नाही, पाहत असूनही पाहत नाही. सेनापती तेथे बसला आहे असे सर्वांना दिसते. खरे पाहता तेथे एक बाप बसलेला असतो, आणि त्या बापाच्या हाताशी अण्वस्त्रांच्या किल्ल्या असतात.

हा पेच लेखकाने ऐनवेळी रचलेला नाही, ही गोष्ट मला विशेष वाटते. साडेतीन वर्षे आधी, पहिल्या पर्वाच्या सहाव्या भागात, झोई अंगरक्षकांच्या जाचाला कंटाळून बापाशी वाद घालते, तेव्हा बार्टलेट तिला रागाच्या भरात नेमके हेच चित्र रंगवून दाखवतो: तू कुठल्यातरी गर्दीच्या ठिकाणी जाशील, रक्षकाची नजर क्षणभर हलेल, तुला पळवून नेतील, आणि दूरच्या कुठल्या झोपडीत तुझ्या मस्तकाला पिस्तूल लावलेले असताना या देशाला सेनापती उरणार नाही, उरेल तो मुलीसाठी भ्रमिष्ट झालेला एक बाप. मुलगी ऐकते, हिरमुसते, आणि प्रेक्षक ते संभाषण विसरून जातो. बापाने मुलीला घातलेला धाक म्हणून जे ऐकले, ते पुढे अक्षरशः खरे होते, आणि त्या वेळी त्या धाकाचा उच्चार करणाऱ्यालाच तो आठवत असेल काय, हा विचार मला अस्वस्थ करतो. आपल्याकडे घरातली म्हातारी माणसे ‘अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते’ असे सांगत, त्यामागची भीती ही याच जातीची असावी.

शिवाय बार्टलेट निरपराध नाही. तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस कुमर या काल्पनिक राष्ट्राच्या संरक्षणमंत्र्याला, अब्दुल शरीफला, गुप्तपणे ठार करण्याची अनुज्ञा त्याने दिलेली असते. तो मंत्री दहशतीचा सूत्रधार असल्याचा पुरावा असतो, कायद्याने त्याच्यावर खटला भरता येत नसतो, आणि न्यूयॉर्कच्या एका नाट्यगृहात नाटक चालू असताना अध्यक्ष आपल्या जिवलग मित्राला, लिओ मॅकगॅरीला, दोन शब्दांत होकार देतो. त्या वेळी कागद नाही, सही नाही, मोहोर नाही. मनुष्यवधाची आज्ञा हवेत विरून गेली, आणि वर्षभराने मुलीच्या अपहरणाच्या रूपाने तिचे उत्तर आल्याचा संशय सर्वांच्या मनात उभा राहिला. हाती लेखणी न धरता ज्याने एवढे मोठे काम केले, त्याच्यापुढे आता अधिकारत्यागाचा दस्तऐवज ठेवला जातो, आणि त्यावर मात्र पूर्ण नावानिशी सही केल्याखेरीज गत्यंतर नसते.

पंचविसावी दुरुस्ती १९६७ च्या फेब्रुवारीत अमलात आली. १९६३ च्या नोव्हेंबरात केनेडींचा वध झाला आणि जॉन्सन अध्यक्ष झाले, तेव्हापासून १९६५ च्या जानेवारीपर्यंत त्या देशाला उपाध्यक्षच नव्हता. त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून शहाण्या माणसांना जो घोर लागला, त्यातून ही दुरुस्ती जन्मली. तिचे तिसरे कलम मला एखाद्या सुबोध खलित्यासारखे वाटते. आपण अधिकार चालवण्यास असमर्थ आहोत असे अध्यक्षाने सिनेटच्या हंगामी अध्यक्षांना आणि प्रतिनिधिगृहाच्या सभापतींना लेखी कळवावे. कळवताच अधिकार उपाध्यक्षाकडे जातात. आणि तसेच दुसरे पत्र लिहून आपण समर्थ झाल्याचे कळवले, की ते परत येतात. कारण सांगण्याची सक्ती नाही, वैद्याचा दाखला नाही, कोणाची मंजुरी नाही. राजाने आपल्याच हाताने लिहिलेला रजेचा अर्ज, आणि तो मंजूर करणाराही तोच.

प्रत्यक्षात मात्र या कलमाचे नशीब फारच गद्य निघाले. ३० मार्च १९८१ रोजी रेगन यांना गोळी लागली, ते शस्त्रक्रियेसाठी भुलीखाली गेले, उपाध्यक्ष बुश टेक्सासहून परतीच्या विमानात होते, कागद तयार असून त्यावर सही झाली नाही, आणि परराष्ट्रमंत्री हेग यांनी वार्ताहरांसमोर येऊन येथील सूत्रे आपल्या हाती असल्याचे सांगून गोंधळात भर घातली. मालिकेतही हीच चूक एकदा होऊन गेलेली आहे: पहिल्या पर्वाच्या शेवटी रॉस्लिन येथे गोळीबारात जखमी झालेला बार्टलेट सही न करताच शस्त्रक्रियेच्या मेजावर जातो, आणि त्या काही तासांत देश कोणाच्या हाती होता, या प्रश्नाचे उत्तर देताना त्याच्या माणसांची त्रेधा उडते. पुढे १९८५ मध्ये रेगन यांनी, २००२ आणि २००७ मध्ये धाकट्या बुश यांनी आणि २०२१ मध्ये बायडेन यांनी अशी पत्रे लिहिली. बायडेन यांच्या पत्रामुळे कमला हॅरिस यांच्याकडे ८५ मिनिटांपुरते अधिकार आले. या चारही पत्रांचे कारण मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया किंवा तपासणी हेच होते. भुलीच्या औषधाने जी शुद्ध हरपते तिची नोंद राज्यसंस्थेने घेतली आहे. दुःखाने जी हरपते तिची नोंद अजून एका काल्पनिक अध्यक्षानेच घेतली.

माझे वडील तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकून होते. तिजोरीच्या खोलीला दोन कुलुपे असत आणि दोन किल्ल्या दोन वेगवेगळ्या माणसांच्या कमरेला. एकटा कोणी आत जाऊ शकत नसे. तिथले खजिनदार, ज्यांना सारे नाना म्हणत, हे इतके काटेकोर की नोटांच्या गठ्ठ्याची दोरीसुद्धा ते ठरावीक गाठीनेच बांधत. एकदा त्यांच्या मुलाला विषमज्वर झाला, आणि तरीही नाना कचेरीत येऊन बसले. संध्याकाळची शिल्लक जुळेना. मोजले, पुन्हा मोजले, बोटे ओली करून पुन्हा मोजले. आकडा दर वेळी निराळा. मामलेदार काही वेळ दारात उभे राहून पाहत होते. रागावले नाहीत. म्हणाले, “नाना, किल्ली माझ्याजवळ द्या, चार्जच्या कागदावर सही करा, आणि घरी जा.” नानांनी सही केली तेव्हा त्यांचा चेहरा अपमानाने लाल झाला होता, आणि कचेरीच्या पायऱ्या उतरताना ते हलके झाले होते, असे वडील सांगत. मुलगा वाचला. शिल्लकही दुसऱ्या दिवशी जुळली. गठ्ठ्यातली एक नोट दुसऱ्या गठ्ठ्याला चिकटली होती.

बार्टलेटच्या पत्रात मला नेहमी ती किल्ली दिसते. मात्र प्रत्येकाच्या दारात असा मामलेदार उभा राहत नाही. ४ नोव्हेंबर १९७९ रोजी तेहरानच्या अमेरिकन वकिलातीवर जमाव चालून गेला आणि पुढे ५२ माणसे ४४४ दिवस ओलीस राहिली, तेव्हा जिमी कार्टर यांनी प्रवास थांबवला, निवडणुकीचा प्रचार बाजूला ठेवला, आणि स्वतःलाच व्हाइट हाउसात कोंडून घेतले. ती माणसे त्यांच्या रक्ताची नव्हती, तरी त्यांचे सारे राज्य त्या ५२ माणसांच्या चेहऱ्यांभोवती गोळा झाले. एप्रिल १९८० मध्ये सुटकेसाठी धाडलेली मोहीम इराणच्या वाळवंटात फसली आणि आठ सैनिक दगावले. त्या मोहिमेला विरोध असलेले परराष्ट्रमंत्री सायरस व्हॅन्स यांनी राजीनामा दिला. म्हणजे त्या काळात एकाने कागदावर सही केली खरी, पण ती अध्यक्षाने नव्हे. ओलीस सुटले ते २० जानेवारी १९८१ रोजी, रेगन यांचा शपथविधी झाल्यावर काही मिनिटांत. पायउतार झालेले कार्टर दुसऱ्या दिवशी त्यांना भेटायला पश्चिम जर्मनीत गेले. अधिकार असताना जे हाताला लागले नाही ते अधिकार गेल्यावर डोळ्यांनी पाहावे, हा त्या मनुष्याच्या दैवाचा भाग होता.

आणि आपल्याकडचे १९८९ साल. विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या मंत्रिमंडळात मुफ्ती महंमद सईद गृहमंत्री होऊन आठवडा होतो न होतो तोच, ८ डिसेंबर रोजी, श्रीनगरात त्यांच्या वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलीचे अपहरण झाले. १३ डिसेंबरला पाच अतिरेक्यांना सोडल्यावर ती परत आली. त्या निर्णयाची आजही कठोर उलटतपासणी होते, आणि ती व्हायला हवी. परंतु त्या पाच दिवसांत त्या गृहस्थांनी खाते दुसऱ्याच्या हवाली केले असते तर, हा प्रश्न विचारताना मी कोणाला फारसे ऐकलेले नाही. देशाचा गृहमंत्री आणि त्या मुलीचा बाप एकाच देहात राहिले, हा सारा दोष त्या देहावर ढकलून आपण मोकळे होतो. त्या दोघांना वेगळे करण्याची काही रीत कारभारात असावी, हे आपल्या मनात येत नाही.

तशी रीत आपल्या इतिहासाला अगदीच अपरिचित नव्हती. १६८९ च्या प्रारंभी संभाजी महाराज पकडले गेल्याची वार्ता रायगडावर आली, तेव्हा येसूबाईंच्या मांडीवर गादीचा वारस होता, सात वर्षांचा शाहू. आईच्या मनाने पाहिले असते तर मुलाला मंचकावर बसवून स्वतः कारभार पाहावा, हे स्वाभाविक होते. येसूबाईंनी कौल दिला तो दीराच्या, राजारामाच्या, बाजूने. पुढे वेढा आवळत आला तेव्हा राजारामाने गडाबाहेर पडून राज्य जिवंत ठेवावे आणि आपण मुलासह मागे राहावे, हेही ठरले. नोव्हेंबरात गड पडला. मायलेक मोगली छावणीत गेले. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये शाहू सुटला, पण आईला ओलीस म्हणून मागे ठेवून. आणि साताऱ्याच्या गादीवर बसून त्याने पहिली जी बारा वर्षे राज्य केले, त्यांतील प्रत्येक मसलतीत, दिल्लीच्या दिशेने धाडलेल्या प्रत्येक खलित्यात, ती आई कुठेतरी उभी असणारच. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आला आणि त्याच फेरीत येसूबाईंना घेऊन आला. बखरकारांना आणि इतिहासकारांना सनदांचे अप्रूप अधिक. ते योग्यही आहे. मला मात्र राहून राहून वाटते, की तीस वर्षांच्या कैदेतून आलेल्या त्या वृद्धेला पाहिल्यावर शाहूने सनदांचा कागद उलगडायला किती वेळ घेतला असेल?

बार्टलेटपुढचा पेच आणखी एका कारणाने अवघड आहे. काही आठवड्यांपूर्वीच त्याच्या उपाध्यक्षाने एका लफड्यापायी राजीनामा दिलेला असतो, आणि उत्तराधिकाराच्या १९४७ च्या कायद्याप्रमाणे पुढचा मान प्रतिनिधिगृहाच्या सभापतीचा. सभापती ग्लेन ॲलन वॉकन हा विरोधी पक्षाचा. जॉन गुडमन या धिप्पाड नटाने त्याला असा रंगवला आहे, की तो खोलीत आला की खोली लहान होते. म्हणजे मुलीसाठी राज्य सोडायचे, आणि तेही ज्याच्याशी आयुष्यभर भांडलो त्याच्या ओंजळीत. वॉकनलाही हे दान फुकट मिळत नाही. सभापतिपद आणि प्रतिनिधिगृहातील जागा या दोहोंचा राजीनामा दिल्याशिवाय त्याला ते आसन घेता येत नाही. चार दिवसांच्या मुतालिकीसाठी त्याला आपली कायमची जहागीर सोडावी लागते. हे तो कुरकुर न करता करतो, शपथ घेतो, आणि अध्यक्षाला सांगतो की आता आपण भारमुक्त आहात. मुलाखतींत आणि भाषणांत एकमेकांची सालटी काढणारी दोन माणसे त्या क्षणी इतक्या अदबीने वागतात, की आजच्या प्रेक्षकाला तो भाग राजकारणाचा न वाटता पौराणिक वाटावा.

रिकाम्या खुर्चीचा असा योग आपल्या प्रजासत्ताकानेही पाहिला आहे. १९६९ च्या मे महिन्यात राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे निधन झाले; कार्यभार पाहणारे उपराष्ट्रपती गिरी यांनी जुलैत राजीनामा दिला; आणि सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी २० जुलै ते २४ ऑगस्ट राष्ट्रपतिपदाचे काम पाहिले. त्या चार-पाच आठवड्यांतच अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन भारतभेटीस आले, आणि त्यांचे यजमानपद एका न्यायाधीशाकडे गेले. त्याच निक्सन यांना पुढे ॲग्न्यू यांच्या राजीनाम्यानंतर याच पंचविसाव्या दुरुस्तीच्या आधारे फोर्ड यांना उपाध्यक्ष नेमावे लागले आणि वर्षभरात आपली खुर्ची त्यांच्याच हवाली करावी लागली. दिल्लीतील मेजवानीत तात्पुरत्या राष्ट्रप्रमुखाशी हस्तांदोलन करताना त्यांच्या मनात असले काही येण्याचे कारणच नव्हते.

त्या भागात आणखी एक बाप आहे, आणि त्याच्याकडे लक्ष द्यायला मी मित्रांना मुद्दाम सांगतो. टोबी झिग्लर हा अध्यक्षांचा भाषणलेखक, कायम कपाळाला आठ्या घातलेला, शब्दांखेरीज कशावरही प्रेम करता येईल की नाही याची स्वतःविषयीच शंका बाळगणारा. त्याच सुमारास त्याला जुळी मुले होतात. रुग्णालयात त्या दोन गाठोड्यांपाशी उभा राहून तो त्यांच्या इवल्या टोप्यांविषयी काहीबाही बोलत राहतो, आणि बोलता बोलता त्याचे शब्द संपतात. मुलीचे नाव पुढे मॉली ठेवले जाते, त्या मारल्या गेलेल्या अंगरक्षकावरून. पितृत्वाची सुरुवात आणि त्याची कसोटी एकाच भागात ठेवण्याचे हे कसब सॉर्किनचे. आणि माझ्या मते सबंध भागातील उत्तम लेखन याच चार मिनिटांत आहे.

बाकी दोष झाकण्यासारखे नाहीत. झोईचा फ्रेंच प्रियकर हा कचकड्याचा आहे. कुमर नावाच्या देशाला नकाशा नाही, भाषा नाही, माणसे नाहीत, केवळ वैर आहे, आणि पूर्वेकडे पाहण्याची ही आळशी तऱ्हा अमेरिकन कथांत फार जुनी आहे. हा भाग लिहून सॉर्किन मालिकेतून बाहेर पडला; आपण बांधलेली गाठ त्याने दुसऱ्यांच्या हाती सोडून दिली, आणि पाचव्या पर्वाच्या पहिल्या दोन भागांत ती ज्या रीतीने सुटते, तिच्यात घाई आहे. वॉकन बॉम्बहल्ल्याचा हुकूम सोडतो, मुलगी सापडते, दुसरे पत्र लिहिले जाते, आणि सारे पूर्ववत चालू होते. दूरदर्शनला पूर्ववत चालू होण्याची सोय लागते. नानांच्या कचेरीलाही लागत असे, हे खरे. पण तिथे ती सोय कोणाच्या तरी रात्रभरच्या जागरणातून आलेली असे.

तेव्हा ज्या वाचकांना हा भाग पाहावासा वाटेल त्यांना माझी एक विनंती आहे. आधी पहिल्या पर्वाचा सहावा भाग पाहा, बापलेकीचे ते भांडण ऐका, मधली काही पर्वे हातची राखून ठेवली तरी हरकत नाही, आणि मग ‘ट्वेंटी फाइव्ह’ पाहा. पण तो संपल्यावर पुढच्या पर्वाचा पहिला भाग त्याच रात्री लावू नका. मूळच्या प्रेक्षकांना त्यासाठी २४ सप्टेंबर २००३ पर्यंत थांबावे लागले होते.